क्रूझवरचं जेवण: खान्देशातून निघताना काय अपेक्षा ठेवावी, काय आधी सांगून ठेवावं

जळगाव-धुळ्याकडची मंडळी आता क्रूझला जाऊ लागली आहेत. कुणाला बियाणं-खतांच्या कंपनीने डीलर म्हणून नेलेलं असतं, कुठे पोरांनी आईवडिलांसाठी तिकिटं काढलेली असतात, कुठे भिशीतल्या बायकांचा अख्खा ग्रुप निघतो. मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जा, नाहीतर विमानाने सिंगापूरला जाऊन तिथून जहाज धरा, घरातून पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिथे खायचं काय? प्रश्न अगदी रास्त आहे. क्रूझच्या तिकिटात जेवणाचे पैसे आधीच धरलेले असतात आणि दिवसातले कितीतरी तास जेवणाच्या भोवतीच जातात. जेवण बिनसलं की सगळी सहल बिनसते, म्हाताऱ्या माणसांची तर नक्कीच.

आपल्याकडे पंगतीत वाढणारा ताटाकडे बघत फिरतो. वरण संपलं की न विचारता वाढतो, नको म्हटलं तरी गुळाची पोळी टाकतोच. पाहुण्याने मागायचं नसतं, यजमानाने ओळखायचं असतं. जहाजावर नेमकं उलटं आहे. वेटर हसतमुख असतो, तत्पर असतो, पण तुम्हाला काय हवं ते तुम्ही सांगेपर्यंत तो थांबतो. मागितलं तर इतकं मिळतं की आपण चकित होतो आणि नाही मागितलं तर शेजारच्या टेबलावर गरम पोळी येते नि आपण ब्रेड चावत बसतो. मागण्यात कमीपणा नाही, तिथली रीतच ती आहे. फक्त वेळेवर मागायचं. जहाजाने बंदर सोडलं की मधे बाजार लागत नाही. सगळा किराणा, भाजी, दूध निघायच्या बंदरावर एकदा भरलं जातं आणि पुढचे दिवस त्यातच भागवायचं असतं. हजार-दीड हजार माणसांचा स्वयंपाक एका बैठकीला निघतो, त्याची तयारी आदल्या दिवसापासून चाललेली असते. म्हणून पुढचं सगळं मी कधी काय सांगायचं या क्रमाने लिहिलं आहे.

बुकिंग करताना

एजंटला नुसतं 'व्हेज' सांगून थांबू नका. परदेशी कंपन्यांच्या अर्जात व्हेजिटेरियन आणि व्हीगन असे वेगळे रकाने असतात. चुकून व्हीगन लिहिलं गेलं तर दूध, दही, पनीर, तूप सगळं गेलं. अर्जावर 'इंडियन व्हेजिटेरियन' असं स्पष्ट लिहून घ्या. जैन जेवण हवं असेल तर नुसत्या 'जैन' या शब्दावर विसंबू नका, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, कोणतंही कंदमूळ नको, असं सविस्तर लिहा. मधुमेह, गव्हाची ॲलर्जी, शेंगदाण्याची ॲलर्जी हेही इथेच. मोठ्या परदेशी जहाजांसाठी अशा विनंत्या किमान दीड महिना आधी गेलेल्या बऱ्या. नंतर एजंटकडून लेखी पोच मागा. 'हो, सांगितलंय मी' यावर समाधान मानू नका. ईमेलमध्ये किंवा बुकिंगच्या कागदावर तुमच्या नावापुढे ते दिसायला हवं.

ॲलर्जी आणि नावड यांतला फरक इथे नीट पाळा. वांगं आवडत नाही म्हणून 'ॲलर्जी आहे' असं कुणी सांगितलं की जहाजावर त्या माणसाचं ताट वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पाटावर करावं लागतं. खरी ॲलर्जी असलेल्या लेकरासाठी ही काळजी जीव वाचवणारी असते. आपण ती फुकट वापरू नये.

दुसरा निर्णय जेवणाच्या वेळेचा. मुख्य डायनिंग रूममध्ये रात्रीच्या जेवणाच्या दोन पद्धती असतात. एकीत रोज ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल आणि तोच वेटर: पहिली बैठक संध्याकाळी साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. दुसऱ्या पद्धतीत तुम्ही हव्या त्या वेळी जाता, जागा होईपर्यंत थांबता आणि वेटर रोज बदलतो. घरात वयस्कर माणसं असतील, पथ्य असेल, जैन जेवण असेल तर ठरलेलं टेबल घ्या. पहिल्या रात्री जे सांगितलं ते दुसऱ्या रात्री पुन्हा सांगावं लागत नाही. तिसऱ्या रात्री तर आजींना भात मऊ लागतो हे वेटरला पाठ झालेलं असतं. तरुण जोडप्यांनी खुशाल दुसरी पद्धत घ्यावी.

सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांना पहिली बैठक सोयीची. बाकीच्यांनी सिंगापूरला जाताना एक हिशेब करावा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. तिथले सहा म्हणजे आपले साडेतीन. धुळ्यात साडेतीनला कोण रात्रीचं जेवतं? आठची बैठक घेतली तर निदान भूक तरी लागलेली असते. जहाजावर मोबाईलवर विसंबू नका, तो कुठल्या किनाऱ्याचं नेटवर्क पकडून कोणती वेळ दाखवेल याचा भरवसा नाही. जहाजाची वेळ म्हणून जी सांगतात ती मनगटावरच्या घड्याळात लावा. ठरलेल्या बैठकीला पंधरा-वीस मिनिटं उशीर झाला तर दार बंद झालेलं असू शकतं.

ग्रुपने जात असाल तर सगळी बुकिंग एकमेकांना जोडून घ्या आणि टेबलं शेजारी-शेजारी मागा. तीस माणसांना एकच लांब टेबल मिळत नाही. आठ-दहा जणांची गोल टेबलं असतात.

पिशवीत काय घ्यावं, काय नको

खान्देशी माणूस मोकळ्या हाताने घराबाहेर पडत नाही. कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, बिबडे असं सगळं निघतं. बसला आणि रेल्वेला ते ठीक आहे. जहाजावर घरी केलेलं, डब्यात भरलेलं अन्न बहुतेक कंपन्या नेऊ देत नाहीत. कारण सरळ आहे. ते कधी केलं, कसं ठेवलं हे त्यांना ठाऊक नसतं आणि एकाचं पोट बिघडलं तर बंद जहाजावर ते शेकडो जणांत पसरायला वेळ लागत नाही. कारखान्यातून सीलबंद आलेली पाकिटं मात्र बऱ्याच ठिकाणी चालतात: शेव, खाकरा, राजगिऱ्याचे लाडू, सुकी चटणी, मसाल्याच्या चहाच्या पुड्या. तुमच्या कंपनीचा नियम तिकिटासोबतच्या अटींमध्ये लिहिलेला असतो, तो वाचा. विमानप्रवास असेल तर लोणचं-चटणी मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नको.

इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन, इस्त्री, कॉइल यातलं काहीही नेऊ नका. जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते, बॅग स्कॅन होताना वस्तू सापडते आणि काढून ठेवली जाते. याच कारणाने जहाजाचं स्वयंपाकघरही मुख्यतः विजेवर चालतं, उघड्या ज्वाळेवर नाही. त्यामुळे पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या बामणोदच्या वांग्याच्या भरताची चव तिथे मागू नये. ती मिळणारच नाही आणि त्यात आचाऱ्याचा दोष नाही. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते काही उगाच नाही, ती चव त्या मातीची आणि त्या जाळाची आहे.

गोळ्या-औषधं मात्र हातातल्या पिशवीत. मोठी बॅग दुपारी जहाजाला दिली की खोलीत पोचायला संध्याकाळ होते. दुपारच्या जेवणाआधीची साखरेची गोळी त्या बॅगेत अडकली तर पंचाईत. इन्सुलिन असेल तर खोलीतल्या छोट्या फ्रिजवर भिस्त ठेवू नका, तो बऱ्याचदा नुसता थंडावा देणारा असतो. औषध ठेवायला नीट फ्रिज हवा असं आधी कळवा.

चढल्यावर पहिले दोन तास

मुंबईचा क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, सीएसएमटीपासून टॅक्सीने जवळ. भुसावळ-जळगावहून रात्रीची गाडी धरली की सकाळी मुंबईत पोचता. पण गाड्यांचा उशीर धरून चला आणि जहाजावर जेवायचंय म्हणून उपाशी राहू नका. चेक-इनच्या रांगेत सहज दोन-तीन तास जातात. स्टेशनवर पोटभर नाश्ता करून घ्या.

जहाजावर चढलं की सगळे जण सरळ बुफेकडे धावतात. थोडं थांबा. घरातल्या एकाने बाकीच्यांना जागा धरून द्यावी आणि स्वतः मुख्य डायनिंग रूमकडे जावं. पहिल्या दुपारी तिथे किंवा दाराशी हेड वेटर किंवा रेस्टॉरंट मॅनेजर बसलेला असतो. त्याच्याकडे तीन गोष्टी पक्क्या करायच्या: आपलं टेबल आणि वेळ, अर्जात लिहिलेलं पथ्य त्यांच्या यादीत आहे का, आणि रोजचं भारतीय जेवण मिळण्याची पद्धत काय. ही पाच मिनिटं पुढच्या सगळ्या रात्री सोप्या करतात. पैसे देऊन जेवायच्या खास रेस्टॉरंटचं आरक्षण हवं असेल तर तेही लगेच, संध्याकाळपर्यंत चांगल्या वेळा गेलेल्या असतात.

मग सुरक्षेची माहिती देणारी कवायत असते. ती सगळ्यांना सक्तीची. तेवढा वेळ जेवणाचं विसरायचं.

डायनिंग रूममधलं टेबल

इथे आपली माणसं सगळ्यात जास्त बावरतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आत गेल्यावर टेबलाशी दोघे जण येतात. वेटर ऑर्डर घेतो आणि ताटं आणतो, त्याचा मदतनीस पाणी, ब्रेड, चहा-कॉफी बघतो. पाच-सहा टेबलांवर देखरेख करणारा हेड वेटर मधून मधून येऊन विचारपूस करतो. मेनूकार्डाचे तीन भाग: सुरुवातीचं म्हणजे सूप, सॅलड, स्टार्टर, मग मुख्य पदार्थ, मग गोड. ताट एकदम भरून येत नाही, एकामागून एक येतं. पहिल्या दिवशी आपल्याला वाटतं, एवढंसंच? थांबा, अजून दोन खेपा यायच्या असतात. संपूर्ण जेवणाला तास-दीड तास धरा. ज्यांना वीस मिनिटांत उठायचंय, बरोबर लहान मूल आहे, त्यांनी त्या रात्री बुफेला जावं किंवा वेटरला सुरुवातीलाच सांगावं की मुलांचं ताट आधी आण.

मेनूवर जे छापलंय त्यातलं एकच घ्यावं असा नियम नाही. दोन सूप मागू शकता. मुख्य पदार्थ नको, दोन स्टार्टर चालतील, असं म्हणू शकता. आवडलं नाही तर बदलून मागू शकता. काही कंपन्या तिसऱ्या मुख्य पदार्थाला किंवा लॉबस्टरसारख्या महाग पदार्थाला जादा पैसे लावतात, ते कार्डावर लिहिलेलं असतं. बाकी सगळं तिकिटातच आलेलं.

आता सर्वांत कामाची गोष्ट. बऱ्याच मोठ्या परदेशी जहाजांवर भारतीय भाजी, डाळ, भात, पोळी मेनूवर ठळक दिसत नाही, तरी मिळते. जहाजांवर गोव्याचे, मुंबईचे, केरळचे स्वयंपाकी आणि वेटर पुष्कळ असतात. आज रात्री हेड वेटरला सांगितलं की उद्या रात्री आमच्या टेबलावर डाळ, एक सुकी भाजी, भात आणि पोळ्या हव्या, की दुसऱ्या रात्री ते येतं. आजचं आजच मागितलं तर 'बघतो' एवढंच उत्तर मिळतं, कारण पीठ मळायला, डाळ शिजवायला ठेवायला त्यांना वेळ लागतो. म्हणून रोज उठायच्या आधी उद्याचं सांगून उठा. तिखट हवं असेल तर 'इंडियन स्पायसी' म्हणा आणि सोबत चिरलेली हिरवी मिरची, लिंबू, कांदा मागा. नुसतं 'स्पायसी' म्हटलं तर मिरपूड घातलेलं काहीतरी येतं, आपल्या काळ्या मसाल्यावर वाढलेल्या जिभेला ते कळतही नाही.

पोळीचं एक. जहाजावरची पोळी जाडसर, मैद्याकडे झुकणारी असते आणि भाकरी जवळपास नाहीच. पोळी गरम हवी तर दोन-दोन करून मागा. सगळ्या एकदम आल्या की शेवटच्या चामट होतात.

ताकाचं मी एका टेबलावर जवळून पाहिलं. जेवण संपत आलं तशी एक आजी ताक शोधू लागली. मेनूवर ताक कुठून असणार? नातीने मदतनीस वेटरला बोलावून साधं दही, थंड पाणी, मीठ आणि मिळाली तर जिरेपूड मागितली. त्याने एका उंच ग्लासात दही घातलं, चमच्याने ढवळत ढवळत पाणी सोडलं, वर जिरेपूड भुरभुरली आणि आजीसमोर ठेवून तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. आजीने एक घोट घेतला आणि मीठ अजून हवं म्हणून बोटाने खूण केली. पुढच्या रात्री ती बसायच्या आतच ग्लास टेबलावर होता. पदार्थाचं नाव सांगून भागत नसेल तर त्यात काय-काय पडतं ते सांगा. स्वयंपाकघराला ते लगेच कळतं.

हाताने जेवायला काही हरकत नाही. काटे-चमचे बाहेरच्या बाजूपासून आत वापरत जायचे एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. नाही जमलं तरी कुणी बघत नसतं. कपड्यांचं मात्र थोडं पाळा. संध्याकाळी डायनिंग रूममध्ये बनियन, हाफ पँट, पोहण्याचे कपडे, रबरी चपला चालत नाहीत. एखादी रात्र औपचारिक पोशाखाची असते. त्या रात्री कोट-टायच हवा असं नाही. साडी, नऊवारी, कुर्ता-पायजमा, नेहरू जॅकेट ही उत्तम वेशभूषा आहे.

शाकाहारी पदार्थात लपलेलं

हे प्रत्येक शाकाहारी घराने वाचावं. परदेशी स्वयंपाकात 'भाजीचं' म्हणजे आपल्या अर्थाने शाकाहारी असेलच असं नाही. कांद्याचं फ्रेंच सूप गोमांसाच्या रश्शात करतात. टोमॅटो किंवा मशरूमच्या सूपमध्ये चिकनचा स्टॉक, म्हणजे कोंबडी उकळून काढलेलं पाणी, असू शकतो. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात. थाई करीच्या मसाल्यात सुकी कोळंबी, चिनी भाज्यांत ऑयस्टर सॉस किंवा फिश सॉस. ताज्या पास्त्यात अंडं. जेली, मूस, पन्ना कोटा यांत जिलेटिन, ते जनावरांच्या हाडा-कातडीपासून बनतं. पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. बुफेवरच्या फ्रेंच फ्राइज आणि मासे एकाच तेलात तळलेले असू शकतात.

विचारताना 'इज इट व्हेज?' असं विचारू नका, समोरचा सवयीने 'येस' म्हणतो. 'नो मीट, नो फिश, नो एग, नो चिकन स्टॉक, नो जिलेटिन' असं एकेक मोजून सांगा. लिहिलेली चिठ्ठी दाखवली तर अजून चांगलं. वेटर ती थेट आत घेऊन जाऊ शकतो.

जे मांसाहार करतात पण गाय-डुक्कर खात नाहीत, त्यांनाही हे तितकंच लागू. बर्गर, मीटबॉल, बोलोनीज सॉस यांत बहुधा गोमांस. बेकन, हॅम, पेपरोनी, सॉसेज यांत बहुधा डुकराचं मांस. पिझ्झ्यावरचे लाल गोल तुकडे काय आहेत ते न विचारता मुलांच्या ताटात वाढू नका. 'चिकन ऑर लँब ओन्ली' हे चार शब्द पाठ करून ठेवा. हलाल हवं असणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच विचारावं. सिंगापूरहून सुटणाऱ्या काही जहाजांवर तशी सोय असते, सगळ्यांवर नसते. मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर मात्र भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची काळजी करायचं फारसं कारण नाही, तिथला ग्राहकच आपल्यासारखा आहे.

उपासाचं काय? साबुदाणा, भगर, शिंगाड्याचं पीठ परदेशी जहाजावर नाही. एकादशी-चतुर्थी तारखांत येत असेल तर फळं, दूध, दही, उकडलेला बटाटा, सुकामेवा यांवर भागतं. सोबत राजगिऱ्याच्या चिक्कीचं सीलबंद पाकीट असावं.

बुफे

सकाळी आणि दुपारी बहुतेक सगळे इथेच जेवतात. नियम थोडे आहेत, पण पाळायचेच.

आत शिरताना साबणाने हात धुवा, वीस सेकंद, बोटांच्या मधूनसुद्धा. दाराशी सॅनिटायझर असतो, पण जहाजांवर पोट बिघडवणारा जो नोरोव्हायरस आहे त्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाणीच चालतं. दुसऱ्यांदा वाढून घेताना नवी ताटली घ्या, उष्टी ताटली घेऊन रांगेत जाऊ नका. चिमटा ज्या पदार्थाचा त्यालाच वापरा. मुलांना एकटं पाठवू नका.

गरम पदार्थ गरम आणि थंड पदार्थ थंड आहे का बघा. अमेरिकेच्या जहाज-स्वच्छता तपासणीत गरम अन्न ५७ अंश सेल्सियसच्या खाली जाऊ द्यायचं नाही आणि थंड अन्न ५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही असा दंडक आहे. १०० पैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर जहाज नापास. तुमचं जहाज त्या तपासणीखाली येवो न येवो, कोमट झालेला रस्सा बाजूला ठेवावा हे धोरण सगळीकडे बरं.

आधी मोकळ्या हाताने एक फेरी मारा. भारतीय पदार्थ बऱ्याचदा एका टोकाला, कोपऱ्यात असतात आणि आपण पहिल्याच काउंटरवर ताटली भरून बसतो. थोडं थोडं घ्या, पुन्हा जायला बंदी नाही. आपल्या घरात ताटात टाकणं हे पाप मानतात. ती शिकवण तिथेही पाळावी. समुद्रावर आणलेल्या प्रत्येक घासाला फार सायास लागलेले असतात.

चहा. गरम पाणी, डिपची पुडी आणि थंड दूध असा तो मिळतो. अमळनेर-चोपड्याच्या कटिंगवर वाढलेल्या माणसाला तो चहा वाटतच नाही. दूध आधी गरम करून मागा, दोन पुड्या टाका, झाकण ठेवून चार मिनिटं राहू द्या, वरून आपली मसाल्याची पुडी. बऱ्यापैकी जमतो.

समुद्र खवळला तर पोट अगदी रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं, टोस्ट, हिरवं सफरचंद, आलं असं थोडं थोडं खा. तळलेलं आणि दुधाचं त्या दिवशी बंद. डायनिंग रूम बऱ्याच जहाजांवर मागच्या टोकाला असते आणि टोकाला हलणं जास्त जाणवतं. अशा रात्री मधल्या भागातलं टेबल मागा किंवा खोलीवर साधं काही मागवा.

पैसे कुठे लागतात

मुख्य डायनिंग रूम, बुफे, साधं पाणी, साधा चहा-कॉफी हे तिकिटात. दारू, सोडा-कोला, बाटलीबंद पाणी, मशीनची कॉफी, खास रेस्टॉरंट याला वेगळे पैसे. खोलीवर जेवण मागवायला काही कंपन्या दर वेळी शुल्क घेतात, काही घेत नाहीत. खोलीची चावी म्हणून जे कार्ड मिळतं त्यावरच सगळं चढतं, नोटा कुठे द्याव्या लागत नाहीत, म्हणून खर्च कळत नाही. मुलांच्या कार्डावर खरेदी बंद करून घ्या. बिल रोज रात्री टीव्हीवर किंवा ॲपवर बघा.

टीप हा खान्देशी माणसाला सगळ्यात अनपेक्षित खर्च. परदेशी कंपन्या दर माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर सेवाशुल्क आपोआप बिलात लावतात, लहान मुलांनाही. चौघांचं कुटुंब, तीन रात्री, १८ डॉलरचा दर धरला तर २१६ डॉलर होतात. रुपयांत ही रक्कम पंधरा हजारांच्या वर जाते. पेयांवर अठरा-वीस टक्के पुन्हा वेगळे. हे आधी विचारून बजेटमध्ये धरा म्हणजे शेवटच्या सकाळी काउंटरवर वाद होत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ते शुल्क काढून टाकायला सांगू नये. आपल्याला वाढणारी माणसं सहा-सहा, नऊ-नऊ महिने घर सोडून राहतात. २००६ च्या सागरी कामगार कराराप्रमाणे त्यांना २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यावी लागते, म्हणजे उरलेले किती तास ते पायांवर असतात याचा अंदाज करा.

म्हणूनच चुटकी वाजवून, 'ए, इकडे ये' म्हणून हाक मारू नये. छातीवर नावाची पाटी असते. नावाने हाक मारा. शेवटी कंपनी अभिप्रायाचा अर्ज पाठवते, त्यात चांगल्या वेटरचं नाव लिहा. त्या नावाने त्याच्या पुढच्या कामाला खरोखर मदत होते.

बिनसलं तर

जेवण गार आलं, पथ्याच्या ताटात कांदा निघाला, बसायला अर्धा तास लागला, तर त्याच वेळी, त्याच टेबलावर सांगा. आधी वेटर, नाही जमलं तर हेड वेटर, मग रेस्टॉरंट मॅनेजर, आणि त्यानेही नाही झालं तर गेस्ट सर्व्हिसेसचा काउंटर. या क्रमाने गेलात तर बहुतेक गोष्टी दुसऱ्याच पायरीवर सुटतात. आवाज चढवायची गरज नसते, काय झालं आणि काय हवं एवढं दोन वाक्यांत सांगावं. 'सगळंच बेकार आहे' याला त्यांच्याकडे उत्तर नसतं. 'काल जैन जेवण सांगितलं होतं, आज भाजीत लसूण आहे, दुसरी आणा' याला असतं. घरी येऊन ग्रुपवर लिहिलेल्या तक्रारीने कुणाचंच ताट बदलत नाही.

कशाबद्दल तक्रार करावी आणि कशाबद्दल नाही हेही ठरवून जा. पथ्य मोडलं, अन्न गार किंवा शिळं वाटलं, कुणी तुसडेपणाने वागलं, बिलात न घेतलेली वस्तू आली, तर ठामपणे बोला. शेवभाजीला खान्देशी रस्सा नव्हता, वरणाला आपल्या घरची फोडणी नव्हती, यावर मात्र वेळ घालवू नका.

उतरायची सकाळ

शेवटच्या रात्री मोठी बॅग खोलीबाहेर ठेवायची असते. सकाळच्या गोळ्या, एक जोडी कपडे आणि थोडा कोरडा खाऊ हातातल्या पिशवीत काढून घ्या. नाश्ता त्या दिवशी लवकर सुरू होऊन लवकर बंद होतो आणि सगळं जहाज एकाच वेळी बुफेत येतं. दार उघडतानाच जा, किंवा मुख्य डायनिंग रूममध्ये बसा, तिथे गर्दी कमी असते. परदेशी बंदरावर उतरत असाल तर बुफेतली केळी, सफरचंदं, सँडविच पिशवीत टाकू नका. फळं आणि शिजवलेलं अन्न देशात आणायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते आणि दंड होतो. मुंबईला उतरत असाल तर भुसावळकडची गाडी दुपारनंतरचीच काढा. बॅगा हाती येईपर्यंत अकरा-बारा सहज वाजतात.